चाकांवरचं घर आणि माझी सही

मागच्या महिन्यात मी आमच्या गाडीचा फोटो इथे टाकला आणि तुम्ही मंडळींनी खाली कौतुकाचा नुसता धबधबा सोडलात. "वॉव काकू!" "किती रोमँटिक!" "आमचंही हेच स्वप्न आहे." एका पठ्ठ्याने तर लिहिलं की चार भिंतींत अडकलेल्या माणसाला जगणं कधी कळतच नाही. त्या पठ्ठ्याला माझा एकच प्रश्न आहे. बाबा रे, तुझे कपडे कोण धुतं?

आता आम्ही त्या गाडीतून फिरून आलो आहोत. पुणे, सणसवाडी, पाबळ, कवठे येमाई, शिरूर, दौंड. सगळं सांगते, रस्त्यांसकट आणि खाण्यासकट. पण मी रागात आहे, हे आधीच सांगून ठेवते. गोड वाचायचं असेल तर दुसरे पुष्कळ ब्लॉग आहेत.

नव्या वाचकांसाठी थोडी ओळख. आमचे हे रेल्वेत मालगाडीचे गार्ड होते. नोकरीभर गाडीच्या शेवटच्या डब्यात बसून मागे पळणारे रूळ बघितले. दौंड, मनमाड, कुर्डुवाडी, सोलापूर, पुन्हा दौंड अशा बदल्या झाल्या आणि दर बदलीला मी एक क्वार्टर आवरून दुसरं लावलं. हे ड्यूटीवर आणि मी गोणपाटात भांडी बांधतेय, हे आमच्या संसाराचं कायमचं चित्र. रिटायर झाल्यावर ह्यांचा फंड आणि माझ्या शिवणक्लासचे पैसे घालून हडपसरला दोन खोल्यांचा फ्लॅट घेतला, दोघांच्या नावावर. "क्वार्टर कधी रिकामं करताय?" असं कुणी येऊन विचारत नाही, असं माझं हे पहिलं घर.

आणि गेल्या दिवाळीनंतर ह्यांनी एका शाळेची जुनी मिनीबस विकत घेतली. शिरूरला रशीदभाई म्हणून गाड्यांच्या बॉड्या बांधणारे ह्यांचे जुने स्नेही आहेत. त्यांच्याकडून सीटा काढून आत पलंग, ओटा, पाण्याची टाकी, कपाटं बसवून घेतली. मला पत्ता नाही. एक दिवस सोसायटीच्या दारात गाडी उभी करून म्हणाले, "मंगल, हे आपलं घर. फ्लॅट विकून टाकू. पैसे बँकेत आणि आपण रस्त्यावर." शब्दशः असंच म्हणाले. ह्यांना त्यात काही वावगं वाटलं नाही.

हे खूळ आलं कुठून, तर इंटरनेटवरून. परदेशातले म्हातारा-म्हातारी गाडीत राहतात, समोर तळं, हातात कॉफीचा मग, म्हातारी हसतेय. आमच्या सुजाताने, म्हणजे मुलीने, बापाला हे फोटो बंगळूरहून पाठवले. ती हसणारी म्हातारी सकाळी संडासला कुठे गेली होती, हे एकाही फोटोत नाही.

मी अट घातली. आधी चार दिवस राहून बघू. परत आलो की मी सांगेन, हो किंवा नाही. तोवर फ्लॅटबद्दल बाहेर कुणाशी एक अक्षर बोलायचं नाही. हे म्हणाले, "कबूल." मी दोनदा विचारलं, दोन्ही वेळा कबूल म्हणाले.

गुरुवारी सकाळी निघालो. खराडीहून नगर रस्त्याला लागलो आणि वाघोलीपर्यंत दुसऱ्या गिअरच्या वर गेलो नाही. ट्रक, सहा आसनी रिक्षा, मधूनच उलट्या बाजूने येणारा एखादा ट्रॅक्टर. मोटारहोमने जाणार असाल तर उजाडायच्या आत वाघोली ओलांडा. आणि कपाटांना कड्या लावा, कारण लोणीकंदच्या आधी ब्रेक लागला तेव्हा साखरेचा डबा माझ्या मांडीवर आला. हे पुढून ओरडले, "सांभाळ गं!" साखर सांभाळायची की स्वतःला, ते नाही सांगितलं.

सणसवाडीला चहासाठी थांबलो. एका टपरीसमोर हे गाडी लावून उतरले. मी आत पलंगावरची साखर झाडत होते. तेवढ्यात मागचं दार उघडलं आणि तीन पोरगेलेसे कामगार बुटांसकट आत चढले. हातात डबे, गळ्यात कंपनीची ओळखपत्रं. तिघे रांगेत माझ्या पलंगावर बसले. एकाने विचारलं, "आंटी, दूसरी शिफ्ट की गाड़ी यही है ना?"

गाडीचा पांढरा रंग नवा, पण बाजूला खाली 'स्कूल बस' अजून पुसट दिसतं. आणि त्या पट्ट्यात तशाच मिनीबस कामगारांची ने-आण करतात. त्यांचं काही चुकलं नव्हतं. पण माझी नवी चादर होती. मी ओरडले, "अरे, ये घर है! बूट निकालो!"

तिघे ताडकन उभे राहिले आणि मग इकडे तिकडे बघायला लागले. "घर?" एकाने डोक्यावरच्या पंख्याकडे बोट दाखवलं. "इसमें पंखा भी है!" तोवर हे चहा घेऊन आले आणि रागवायचं सोडून त्यांना घर दाखवायला लागले. टेबल असं उघडतं, पलंग असा मिटतो, इथे खाली धान्य. दुकानदारासारखे. त्यातला सर्वांत लहानखुरा पोरगा म्हणाला, "अंकल, हमारे कमरे में भी सब फोल्डिंग है." हे खूश होऊन म्हणाले, "अच्छा? क्या क्या?" तो म्हणाला, "हम लोग." मग हसत हसत त्याने सांगितलं. पत्र्याची एक खोली, सहा जण. दिवसपाळीचे कामाला गेले की त्यांच्या जागेवर रातपाळीचे झोपतात. जाताना विचारून गेला, "आंटी, ये किराये पे दोगे क्या?"

हे पुढचे दोन किलोमीटर हसत होते. मला हसू आलं नाही. लोक नाइलाजाने ज्या आकारात राहतात, त्याच आकाराची हौस आम्ही पैसे मोजून केली होती. मी तसं म्हटलं. हे म्हणाले, "तू प्रत्येक गोष्टीत विरजण घालतेस."

शिक्रापूरहून डावीकडे आत वळलो. रस्ता अरुंद पण बरा, दोन्हीकडे कांद्याची आणि बटाट्याची रानं. दुपारी पाबळला पोचलो. इथे बायकांसाठी एक खास सूचना, कारण हे तुम्हाला कुठलाच पुरुष लिहून देणार नाही. गाडीत ह्यांनी पडद्यामागे 'सोय' केली आहे. म्हणजे मधे भोक पाडलेली प्लास्टिकची खुर्ची आणि खाली झाकणाची बादली. ती बादली रिकामी कोण करणार, हा प्रश्न मी हडपसरलाच विचारला होता, त्याचं उत्तर अजून यायचं आहे. पाबळला गावाबाहेर तांत्रिक शिक्षणाची एक शाळा आहे. तिथल्या एका बाईंनी माझा चेहरा बघितला आणि न विचारता म्हणाल्या, "या काकू, आमच्याकडे स्वच्छ आहे." देव त्यांचं भलं करो. हे तोवर एका बाभळीआड जाऊन मोकळे झाले होते आणि शीळ घालत होते.

गाडीतला पहिला स्वयंपाक तिथेच केला, पिठलं आणि भात. तेव्हा कळलं की ओटा माझ्या छातीपर्यंत येतो. भाकरी थापायची तर टाचा उंच करून. मी विचारलं, हा एवढा उंच का? हे म्हणाले, "रशीदभाईने माप घेतलं होतं ना." कुणाचं, ते बोलले नाहीत. आमच्या लग्नाला इतकी वर्षं झाली, ह्यांनी ओट्यापाशी उभं राहून चहाशिवाय काही केलेलं मी बघितलेलं नाही. रनिंग रूममध्ये, म्हणजे गार्ड-ड्रायव्हर लोक ड्यूटीच्या मधे जिथे झोपतात तिथे, स्वयंपाकी असायचा. अंथरूण घालायला माणूस असायचा. ह्यांना छोट्या जागेत राहायची सवय आहे म्हणतात ती अशी.

कान्हूर मेसाई, मलठण करत ऊन उतरताना कवठे येमाईला आलो. गावाबाहेर एका कांदाचाळीजवळ हे थांबले आणि मालकाकडे मुक्कामाची परवानगी मागितली. मालक बिरूभाऊ, पन्नाशीचे, डोक्याला टॉवेल. म्हणाले, "लावा की. आपलंच रान हाय. निस्तं पाटावर लावू नका, सकाळी पानी सोडायचंय." ह्यांनी नेमकी पाटाजवळ लावली, कारण तिथून सूर्यास्त दिसतो. मागचं उजवं चाक ओल्या मातीत बसलं. मग हे आणि बिरूभाऊ फळी, दगड शोधत फिरायला लागले आणि मी आत बसून राहिले.

तेवढ्यात बिरूभाऊंच्या आई आल्या. ठकूमावशी. हातात काठी, पण आधाराला नव्हे, धाक दाखवायला असावी तशी धरलेली. आत चढल्या, टाकीचा नळ सोडून बघितला, कपाटं उघडली, पलंग हाताने दाबला.

"झ्याक हाय की," त्या म्हणाल्या. "आमचं बी असंच व्हतं. फकस्त घोड्यावर."

त्यांचं घराणं मेंढपाळांचं. मावशींचं निम्मं आयुष्य रानोमाळ गेलं होतं. मेंढरं पुढे, मागे घोड्यावर भांडी, घोंगड्या, कोंबड्या आणि वर बांधलेलं पोर.

"जागा कुनी धरली ही?" त्यांनी विचारलं.

"ह्यांनी."

"आन् तू वरच बसून ऱ्हायलीस व्हय?" त्यांनी कपाळाला हात लावला. "आमच्यात बाप्यांनी मेंढरं बघायची. मुक्कामाची जागा बाईची. पानी कुठं हाय, वारं कुठनं येतंय, मुंग्यांचं वारूळ हाय का, समदं बाई हिंडून बघनार. मंग खाली बसनार. ती बसंस्तवर घोड्याचं वझं उतरायचं न्हाई. बाई बसली म्हंजी मुक्काम."

मी विचारलं, "मग हे सगळं सोडलं कधी?"

"म्याच सोडलं." मावशी माझ्या पलंगावर मांडी घालून बसल्या. "ह्यो बिरू अंगावर पीत व्हता तवा. हितं आलो, हिरीला पानी व्हतं, आडोसा व्हता. बसले. सकाळच्याला म्हातारा म्हनला, ऊठ, निघायचं. म्या न्हाई उठले. दुसऱ्या दिशी बी न्हाई."

"मग? भांडण?"

"भांडला तर! शिव्या दिल्या, घोंगडं फेकलं. पर हात धरून उठवलं न्हाई. बसल्याली बाई उठवत न्हाईत आमच्यात. मंग लागला एकाच्या रानात सालगडी म्हनून. हळूहळू ही जिमीन झाली."

"आठवण येते का हिंडण्याची?"

मावशींनी दाराबाहेर बघितलं. "न यायला काय झालं? दसरा सरला की पाय शिवशिवत्यात अजून. पर म्या बसले त्ये बसले."

त्या गेल्यावर मी खाली उतरून दाराच्या पायरीवर बसले. आता एक कबुली देते, कारण ती न देता पुढचं लिहिलं तर खोटं होईल. ती संध्याकाळ मला आवडली. समोर कांद्याच्या गुडघ्याएवढ्या पाती, लांब येमाईच्या देवळाची घंटा, गार वारा. घर झाडायला मला केरसुणीचे दोन फराटे पुरले. दोन ताटं, दोन वाट्या, एक पातेलं, धुऊन संपलीसुद्धा. हडपसरला माझा निम्मा दिवस वस्तू पुसण्यात जातो. कुणीही कधी न वापरलेले काचेचे सहा ग्लास मी दर आठवड्याला पुसते. इथे पुसायला काही नव्हतं आणि कुणाचा फोन नव्हता. हे चिखलाने माखलेले, दमलेले, चाक निघालं म्हणून लहान मुलासारखे खूश. माझ्या शेजारी बसून म्हणाले, "कसं वाटतंय?" मी म्हटलं, "डास आहेत." राग होताच, ओट्याचा, बादलीचा. पण त्याच्या खाली हलकं हलकं काहीतरी वाटत होतं आणि ते मला ह्यांना एवढ्यात द्यायचं नव्हतं.

आणखी एक दिवस आम्ही तिथेच राहिलो. मीच म्हटलं, राहू या. बिरूभाऊंकडून कांदे, मेथी आणि दूध घेतलं. पैसे द्यायला गेलो तर म्हणाले, "पाव्हन्याकडनं पैकं घेत्यात व्हय?" शेवटी पोरांसाठी खाऊ म्हणून बळेच दिले. पाणी भरून मिळालं, संडास घरचा वापरा म्हणाले. तुम्ही जाल तर काहीतरी घेऊन जा, नुसते फोटो काढून येऊ नका.

शनिवारी सकाळी शिरूर. गावात जुनी माणसं अजून घोडनदीच म्हणतात. बाजारपेठेत मोठी गाडी घालू नका, स्टँडच्या अलीकडे लावा आणि चालत जा. मिसळ एकदम जहाल, पाव गरम. ह्यांच्या डोळ्यांतून पाणी आलं ते बघून बरं वाटलं.

तिथून रशीदभाईंच्या वर्कशॉपला. त्यांच्या घरातली तिसरी पिढी शिरुरात, आजोबा टांगे बांधायचे, वडील ट्रकच्या बॉड्या, आता रशीदभाई. मी सरळ विचारलं, "भाई, ओट्याचं माप कुणाचं घेतलंत?"

रशीदभाईंनी ह्यांच्याकडे बघितलं. "म्या म्हनलो व्हतो भाऊंना, वहिनींना घिऊन या. तर म्हनले, तिला न्हाई सांगायचं, सरप्राईज हाय. मंग उभं केलं ह्यांनाच."

"मग आता कमी करा."

"कमी करतो की! बसा घरात, आमच्या बेगमनं बिर्याणी टाकलीया."

त्यांच्या घरात तीन सुना, आठ-दहा पोरं, कोण कुणाचं ते मला शेवटपर्यंत कळलं नाही. बिर्याणी अप्रतिम. मी त्यांच्या बेगमना, हसीनाभाभींना, विचारलं, तुम्ही राहाल का अशा गाडीत? त्या म्हणाल्या, "अल्ला, एक म्हैना तरी ऱ्हाईन! निस्ती म्या एकली. ह्यांना बी न्हाई न्यायची." सगळ्या सुना खो खो हसल्या. दुपारपर्यंत ओटा माझ्या कमरेला आला. रशीदभाईंनी मजुरी घेतली नाही, म्हणाले, चूक आमची.

त्या ओट्यामुळे असेल, किंवा बिर्याणीमुळे, पण न्हावऱ्याच्या रस्त्याला लागल्यावर माझा राग बराच उतरला होता. हा रस्ता घ्याच. शिरूर, न्हावरे, पुढे पारगावला भीमेचा पूल, मग केडगाव आणि चौफुला. उसाने भरलेल्या ट्रॉल्या एकामागे एक, ओव्हरटेक करायची घाई नको. पुलावर हे थांबले. खाली पाणी थोडं, पण संथ आणि स्वच्छ. मी मनाशी ठरवून टाकलं. फ्लॅट विकायचा नाही, पण अकरा महिन्यांच्या करारावर भाड्याने देऊ आणि एवढे महिने गाडीत राहून बघू. बादली ह्यांची, स्वयंपाक आळीपाळीने, आणि मुक्कामाची जागा मी ठरवणार. दौंडला पोचलं की सांगायचं. स्टेशनवर, वडापाव खाताना, कारण लग्नानंतर ह्यांनी मला पहिल्यांदा बाहेरचं काही खाऊ घातलं ते तिथेच. मी डोळे बारीक करून हसू दाबत होते. ह्यांना वाटलं ऊन लागतंय, म्हणून पडदा सरकवला.

चौफुल्याहून सोलापूर रस्त्याने पाटस, तिथून डावीकडे दौंड. गाडी स्टेशनबाहेर लावली, प्लॅटफॉर्म तिकिटं काढली. ह्यांचे डोळे नुसते भिरभिरत होते. ही मालगाडी कुठली, तो सिग्नल कधी बदलला. वडापाव घेतला. मी म्हटलं, "अहो, मला एक सांगायचंय."

तेवढ्यात पलीकडून हाक आली, "गार्डसाहेब!" गायकवाड भाऊजी. हे गार्ड असताना पुढे इंजिनावर असायचे ते ड्रायव्हर, आता दौंडातच घर बांधून राहिलेत. हे म्हणाले, "मीच फोन केला होता, येतोय म्हणून." भाऊजींनी ह्यांना मिठी मारली, मला नमस्कार केला आणि म्हणाले, "वहिनी, पेढे कुठायत? घराचं एकदम नक्की केलंत! आमचा भाचा सागर, त्याच्या बायकोला तर रात्रभर झोप नाही आली आनंदानं. सोमवारी येतायत दोघं, कागदं घेऊन. तुमची सही झाली की काम झालं."

मी ह्यांच्याकडे बघितलं. हे वडापावकडे बघत होते.

"कधी ठरवलंत?" मी विचारलं.

"अगं, पंधरा दिवस झाले. गिऱ्हाईक चांगलं होतं. घरचंच."

"मला कबूल केलं होतंत."

आणि मग हे जे बोलले, ते मी मेले तरी विसरणार नाही. अगदी साधेपणाने, समजूत काढावी तसे म्हणाले, "मंगल, तू शेवटी हो म्हणणारच होतीस."

खरं होतं ना ते! म्हणणारच होते. तोंडात शब्द होता माझ्या. म्हणून तर एवढा जाळ झाला. नाही म्हणणाऱ्या बाईच्या मनाविरुद्ध काही केलं तर निदान तिचं 'नाही' ऐकून तरी घेतलेलं असतं. माझं 'हो' ऐकायचीसुद्धा गरज वाटली नाही ह्यांना. बदलीचा कागद यायचा तसंच झालं हे. निघायची तारीख ठरलेली आणि मी फक्त भांडी बांधायची. फरक एवढाच की तेव्हा कागद रेल्वे पाठवायची, आता नवऱ्याने पाठवला.

मी बाकावर बसले. हे म्हणाले, "चल, क्वार्टर बघून येऊ." मी बसून राहिले. म्हणाले, "ऊठ ना, गायकवाड काय म्हणेल?" गायकवाड भाऊजी बिचारे चहा आणतो म्हणून निघून गेले. "मंगल, लोक बघतायत." बघू देत. ह्याच स्टेशनात मी सामानावर बसून, काखेत पोर घेऊन, ह्यांची ड्यूटी सुटायची वाट बघितली आहे, तेव्हाही लोक बघत होते. हे उभे, मी बसलेली. एक गाडी आली, गेली. मग ह्यांनी विचारलं, "तुला नक्की पाहिजे काय?" मी म्हटलं, "पुण्याचं तिकीट."

मीच उठले आणि काढून आणलं. ह्यांना आणू दिलं नाही.

दौंड-पुणे पॅसेंजर, खिडकीची जागा मिळाली. तिकीट चहा-वड्यापेक्षा स्वस्त. दौंडला जायला मोटारहोम लागत नाही, हे या पोस्टमधलं सर्वांत उपयोगाचं वाक्य समजा. शेजारी भाजीवाल्या बायका होत्या, त्यांनी मला शेंगा दिल्या आणि काही विचारलं नाही. हडपसरला उतरून रिक्षाने घरी आले. दार उघडलं, पंखा लावला आणि जमिनीवर आडवी झाले. रडले नाही. राग आला की मला रडू येत नाही, झोप येते.

हे अंधार पडल्यावर आले. पातेली, ताटं पिशवीत घालून वर आणली होती. एकेक घासून, पुसून, मांडणीत लावली. चुकीच्या जागी लावली. आम्ही बोललो नाही. रविवारीही नाही.

सोमवारी सागर आणि त्याची बायको प्रिया आले. पंचविशीतली पोरं. मला वाटलं होतं, ती आली की त्यांच्यावरही चिडता येईल. पण ती पोरगी चप्पल काढून आत आली ती थेट स्वयंपाकघराच्या खिडकीशी गेली आणि म्हणाली, "काकू, ऊन किती वाजता येतं इथं?" लग्नाला तीन वर्षं झालेली, दर अकरा महिन्यांनी करार संपतो, घरमालक भाडं वाढवतो की हे सामान उचलतात. आता चौथी जागा. "मिक्सरचं खोकं मी फेकतच नाही," ती हसत म्हणाली. "परत लागतंच."

सागरने पिशवीतून कागद काढले. हे माझ्याकडे बघत होते. मी म्हटलं, "सागर, तुला खोटी आशा दाखवली, त्याबद्दल मला वाईट वाटतं. पण मी सही करणार नाही."

"काकू, काकांनी मामांना शब्द दिलाय!"

"काकांनी दिलाय, काका काय करायचं ते करतील. त्यांच्या एकट्याच्या नावावर खाली एक गाडी आहे. ती पाहिजे का बघ."

सागर चिडला. बरोबरच आहे. "मोठ्या माणसांनी असं वागू नये," म्हणाला. हे खाली मान घालून म्हणाले, "माझी चूक आहे. हिला विचारलं नव्हतं. मामांना मी फोन करतो." इतक्या वर्षांत पहिल्यांदा 'माझी चूक' ऐकलं आणि ते मला उद्देशून नव्हतं.

सागर तरातरा जिना उतरला. प्रिया दारात चपला घालत होती, पट्टा लवकर लागेना. मी वाकून लावायला गेले तर तिने हात धरला. डोळ्यांत पाणी होतं. हळूच, खाली ऐकू जाणार नाही असं, म्हणाली, "काकू, मी असते तर मीपण नसती केली."

दिवसभर मला जेवण गेलं नाही. एका पोरीचं घर गेलं, आणि ते गेलं आमच्या ह्यांच्या 'तू हो म्हणणारच होतीस'मुळे. त्या रागाला औषध नाही.

संध्याकाळी हे बाल्कनीत येऊन उभे राहिले. म्हणाले, "तुला गाडी आवडलीच नाही ना? आधी सांगायचं होतंस."

मी म्हटलं, "आवडली होती. दौंडला तेच सांगायला तोंड उघडलं होतं. अकरा महिने राहू म्हणणार होते."

हे खालच्या गाडीकडे बघत राहिले. मग आत जाऊन ह्यांनी भात लावला. करपला. आम्ही दोघांनी तो खाल्ला.

तर, 'आमचंही हेच स्वप्न' वाल्यांनो, छोट्या घरात काही वाईट नाही. वस्तू कमी लागतात, झाडायला कमी लागतं, संध्याकाळ मोठी होते. ज्यांना जमेल त्यांनी जरूर राहावं. फक्त जिच्या जिवावर राहणार आहात, तिला घर विकायच्या आधी विचारा. नंतर नाही.

कांद्याच्या पाती अजून दिसतात मला, दुपारी पडले की. मला पुन्हा जायचंय कवठ्याला, उन्हाळा वाढायच्या आत. मी ठरवलंय सुद्धा. ह्यांना अजून सांगितलेलं नाही. रोज सकाळी हे गाडी पुसतात, वर माझ्याकडे बघतात आणि विचारायचं धाडस करत नाहीत. हे ब्लॉग वाचत नाहीत. सुजाता वाचते. सुजाता, बापाला यातलं एक अक्षर सांगितलंस तर याद राख. त्यांना स्वतः वर येऊन विचारू दे.